रेगे बाईंचं वेळापत्रक

रेगे बाई गेल्या हे मला त्यांच्या सुनेनं, माधवीनं, फोन करून सांगितलं. दुपारची वेळ होती. वीजबिलाच्या कसल्याशा तक्रारीसाठी मी ठाण्यातल्या एका कचेरीत नंबर लावून बसलो होतो. "काका, आई सकाळी गेल्या. त्रास असा झाला नाही. तुम्हाला कळवायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलेलं," एवढंच ती बोलली. कधी नेणार ते मी विचारलं, फोन ठेवला, आणि नंबर आल्यावर खिडकीतल्या माणसाला माझी तक्रार नीट समजावून सांगितली. रडू वगैरे आलं नाही. बाई ऐंशीच्या घरात होत्या, वर्षभर आजारी होत्या, आणि आमचं नातं काही रडण्याचं नव्हतं. आता पाच-सहा आठवडे उलटल्यावर लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. डोंबिवलीत त्यांच्या शाळेनं शोकसभा घेतली. तिथं जो तो त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलला. ते खरंच होतं. पण बाईंनी त्यानंतर दहा-बारा वर्षं दुसरंही एक काम केलं, आणि त्याचा उल्लेख कुणी केला नाही. आज ते काम करणाऱ्याला प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात. बाईंनी ते सुरू केलं तेव्हा आमच्याकडे त्याला नावच नव्हतं.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका छापखान्याच्या वर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. मालक पाटणकर, मी आणि हेमंत, एवढीच माणसं. हिरवी अक्षरं उमटणारे दोन संगणक होते, आणि नवरात्रात खालच्या लाउडस्पीकरमुळे फोनवर बोलणं अशक्य व्हायचं. शाळांचं वेळापत्रक संगणकावर करून द्यायचं अशी पाटणकरांची कल्पना होती. कुठला शिक्षक कुठल्या तासाला कुठल्या वर्गात जाणार, हे दर जूनमध्ये प्रत्येक शाळेत कुणीतरी मोठ्या कागदावर पेन्सिलीनं आणि खोडरबरानं जुळवत असे. ते काम मशीन करील, असं आम्ही जाहीर करून टाकलं होतं. डोंबिवलीच्या शाळेत ते 'कुणीतरी' म्हणजे रेगे बाई. गणित शिकवायच्या, वय चाळिशीच्या पुढे. मे महिन्याच्या सुट्टीत त्या आमचं मशीन बघायला आल्या, आम्ही कौतुकानं छापून दिलेला कागद त्यांनी बराच वेळ वाचला आणि म्हणाल्या, "हे एक दिवसही चालणार नाही."

पाटणकरांनी विचारलं, का? "आमचे चित्रकलेचे सर दोन शाळांत जातात, शनिवारी ते इथे नसतात. पीटीचा तास तुम्ही दुपारी लावलाय, मैदानावर उभं राहवणार नाही मुलांना. कुलकर्णी बाईंना सातवा महिना आहे, त्यांना तुम्ही रोज तिसऱ्या मजल्यावर पाठवताय." पाटणकरांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे काम कराल का?" मला वाटलं, बाई हसतील. त्यांनी विचार करून सांगते म्हटलं, आणि शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून त्या जूननंतर खरंच आल्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते. कायमची नोकरी अशी टांगून ठेवणं त्यांना पसंत नव्हतं. वर्षानंतर परत शाळेत जायचं, या बोलीवर ते कबूल झाले, असं बाईंनीच पुढे कधीतरी सांगितलं.

पहिले काही महिने वाईट गेले. बाई शाळाशाळांतून हिंडून मुख्याध्यापकांच्या मागण्या घेऊन यायच्या, आणि आम्ही दोघं 'होणार नाही' म्हणायचो. त्या विचारायच्या, का होणार नाही? एकदा हेमंत मान वर न करता म्हणाला, "बाई, तुम्हाला नाही कळणार ते." त्यात उद्धटपणा नव्हता, त्याला खरोखर तसंच वाटत होतं. बाईही रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी साडेपाचला पर्स उचलून निघायला लागल्या. कल्याणला एका संगणक क्लासमध्ये त्यांनी प्रोग्रॅमिंगसाठी नाव घातलं होतं. क्लासला बारावी झालेली मुलं, आणि त्यांत या, नऊवारी नाही पण चापूनचोपून नेसलेल्या सुती साडीतल्या. शिकवायला उभी राहिलेली मुलगी, शुभदा, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. गणितात ती कशीबशी पास होणाऱ्यांतली होती. बाईंना पहिल्या बाकावर बघून तिचा खडू हातातच राहिला. "बाई, तुम्ही इथे कशा?" बाई म्हणाल्या, "शिकायला आलेय. आणि इथे बाई तू आहेस, सुरू कर." पुढे त्या आम्हाला सांगायच्या, शुभदा चांगलं शिकवते, कारण न समजणं म्हणजे काय असतं हे तिला माहीत आहे.

दिवाळीनंतर बाईंचे प्रश्न बदलले. आधी त्या म्हणायच्या, एवढं का होत नाही? आता मला म्हणायला लागल्या, "सुधीर, सगळ्या शक्यता तपासायला मशीनला वेळ पुरत नाही, हीच अडचण ना? मग आधी अवघड शिक्षक बसवून घेतले तर?" अवघड शिक्षक म्हणजे ज्यांच्या अटी जास्त ते. हाताने वेळापत्रक करताना त्या तेच करायच्या, पण मशीनला ते कुठे सांगायचं हे त्यांना आत्ता कळलं होतं. आम्ही करून पाहिलं, आणि तासन्‌तास घोळणारं काम चहा पिऊन होईतो संपलं. त्यानंतर हेमंत अडला की बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहायला लागला.

इथं थांबलो तर शोकसभेत शोभेलशी गोष्ट होईल. पण तसं झालं नाही. नवीन विद्या अंगात आलेल्या माणसाचं जे होतं तेच बाईंचं झालं. त्या आमच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः हात घालायला लागल्या. बारीकसारीक बदल, आम्हाला सांगून केलेले, बहुतेक बरोबर. टिटवाळ्याच्या एका शाळेत हिंदी आणि संस्कृतची मुलं एकाच तासाला दोन खोल्यांत विभागून बसायची. त्यासाठी बाईंनी एक अट बदलली. 'आणि' हवं तिथं 'किंवा' पडलं, बस एवढंच. जूनची घाई होती, कुणी पुन्हा तपासलं नाही. शाळा उघडली त्या दिवशी मराठीचे एक सर एकाच तासाला आठवी आणि नववी अशा दोन वर्गांत लागलेले होते. आणि ते एकटेच नव्हते... असे कितीतरी. अर्धी शाळा व्हरांड्यात उभी होती, असं मुख्याध्यापक फोनवर ओरडून सांगत होते.

पाटणकर मला जा म्हणाले. बाई म्हणाल्या, "मी जाते. सुधीर, तू फक्त बरोबर चल." मुख्याध्यापकांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. "हे तुमचं मशीन?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, बाई आता मशीनवर ढकलतील. तेव्हा ते फार सोपं होतं, कारण मशीन चुकतं यावर सगळ्यांचा विश्वास होता. बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मशीननं मी सांगितलं तेच केलं. चुकीचं मी सांगितलं. मला एक रिकामी खोली द्या, उद्यापर्यंत तुमचं वेळापत्रक लावून देते." आणि शिक्षकांच्या खोलीत मोठा कागद पसरून त्यांनी ते हातानं लावलं, पेन्सिलीनं आणि खोडरबरानं. मी शेजारी बसून नावं वाचून दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना चहा आला, तो मुख्याध्यापकांनी स्वतः आणून ठेवला.

त्याच पंधरवड्यात रजा संपत होती. पाटणकर नाराज होते, घरी यजमान वाट बघत होते, शाळेत बाईंचा वर्ग रिकामा होता. आम्ही धरूनच चाललो होतो की त्या परत जाणार. त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. यजमान त्यानंतर बरेच दिवस जेवणापुरतं बोलत होते म्हणे. मी न राहवून विचारलं, "बाई, एवढं झाल्यावर?" त्या म्हणाल्या, "एवढं झाल्यावरच. परतीच्या गाडीत मी तो प्रोग्रॅम कागदावर वाचत बसले होते, आठवतं? चूक कुठे आहे ते मला सापडलं, सुधीर. वर्षापूर्वी ती मला वाचताच आली नसती. तुम्ही सांगाल ते खरं मानावं लागलं असतं."

त्यानंतर आमच्या प्रोग्रॅमला त्यांनी कधी हात लावला नाही. "घरचा स्वयंपाक येतो म्हणून लग्नातल्या आचाऱ्याच्या कढईत डाव घालू नये," असं म्हणायच्या. शिकणं मात्र थांबवलं नाही. शाळेच्या मागण्यांचे त्या दोन ढीग करायला लागल्या, मोडताच येत नाहीत असे नियम आणि मोडले तर जरा वाईट वाटेल असे नियम. मुख्याध्यापकांशी भांडूनतंडून त्या हे दोन ढीग वेगळे करून आणायच्या. ऐकायला साधं वाटतं, पण आमचा प्रोग्रॅम शाळांत टिकला तो यामुळे. हे नुसत्या शिक्षकालाही सुचलं नसतं आणि आम्हालाही नाही. पडद्यावर काय कुठे दिसावं हेसुद्धा त्या चौकटीच्या कागदावर काढून आणायला लागल्या, आणि शाळेतल्या लिपिकाला तो कागद दाखवून, 'आता कुठलं बटण दाबाल?' असं विचारून मगच आमच्याकडे देत. लिपिक चुकला तर कागद फाडायच्या, लिपिकाला काही म्हणायच्या नाहीत.

नव्वदनंतर काही वर्षांनी ठाण्यातल्याच एका मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. हेमंत परदेशी गेला. बाईंच्या टेबलावर 'प्रॉडक्ट मॅनेजर' अशी पाटी लागली, आणि शाळांबरोबर इस्पितळांच्या पाळ्यांचं कामही त्यांच्याकडे आलं. तिथले इंजिनिअर त्यांना बैठकीत बोलवायचे, कारण त्या अशक्य गोष्ट मागायच्या नाहीत. विक्रीवाले बोलवायचे, कारण शक्य असलेली गोष्ट अशक्य आहे म्हणून त्यांना कुणी फसवू शकत नसे. तरी विभागप्रमुख त्यांना केलं नाही. संगणकाची पदवी नव्हती, असं कारण दिलं. मी चिडलो होतो. बाई म्हणाल्या, "पदवी नाहीये हे खरंच आहे ना?" आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यांना वाईट वाटलं असणार. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शतक संपता संपता त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी रेगेकाका त्यांना न्यायला कंपनीत आले होते आणि कुठल्या खोलीत काय चालतं ते प्रत्येकाला विचारत हिंडत होते.

परवा मी डोंबिवलीला त्यांच्या घरी जाऊन आलो. बाहेरच्या खोलीत खिडकीच्या उजेडानं संगणकाच्या पडद्यावर चकाकी यायची, म्हणून निवृत्तीनंतर बाईंनी आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. सगळं घर त्यांच्या पाठीमागं. कुणी काही विचारलं की मान न वळवता उत्तर द्यायच्या, आणि आलेल्या माणसाला त्याचा राग यायचा नाही. संगणक आता नातू घेऊन गेलाय, खुर्ची तशीच भिंतीकडे आहे. माधवी म्हणाली, "दोनदा फिरवून ठेवली, काका. पण मग खोली चुकल्यासारखी वाटते." पाहुणे होते, दुसरी जागा नव्हती, म्हणून मी तिथं बसलो. समोर नुसती भिंत. मागून कपबशांचा आवाज, कुणाचं तरी बोलणं. "काका, साखर किती?" माधवीनं विचारलं.

"एक चमचा," मी भिंतीकडे बघत म्हणालो.