सिमकार्ड नसलेल्या फोनवरून

चि. रेवा आणि मिहिर,

माझा डावा हात वाकडा का दिसतो, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत तेव्हा तुमच्या आईने सांगितलं – आजी बाथरूममध्ये घसरली. ते खोटं आहे. पुढच्या महिन्यात कोर्टात माझी साक्ष आहे. तिथे मी मारहाणीचं सगळं सांगेन, पण फोनचं नाही. वकील म्हणाले, "मॅडम, ते काढलंत तर समोरचा वकील तुम्हाला वेड्यात काढेल." म्हणून ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

तुम्ही मला ओळखता. देवापुढे हात जोडते, तेवढंच. आजारी माणसाला भगताकडे नेणाऱ्यांना मी आयुष्यभर रागावून दवाखान्यात पाठवलं. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जायची...

जव्हारला मी आरोग्याच्या एका प्रकल्पाचा पत्रव्यवहार बघायची. पाड्यावर कुणी अत्यवस्थ झालं की ज्यांना हाक मारायची ते तिघं – डॉक्टर, नर्स सुमनताई आणि जीप चालवणारा वसंता – जुन्या कॉम्प्युटरच्या ईमेलमध्ये मी ‘इमर्जन्सी’ ग्रुपमध्ये ठेवले होते. नंबर सगळे लँडलाईनचे, केव्हाच बंद पडलेले. पुढे प्रकल्प संपला, डॉक्टर वारले, सुमनताई नाशिकला आणि वसंता मोखाड्याला गेला; मी जव्हारला त्याच घरात राहिले. त्यांचे मोबाईल नंबर माझ्याकडे कधीच नव्हते.

भातकापणीच्या दिवसांत तो कॉम्प्युटर मोडीत द्यायचं ठरवलं. त्यातली नावं तुमच्या बाबांनी पाठवलेल्या नव्या फोनमध्ये घ्यायची होती. फोनमध्ये सिमकार्ड नव्हतं, नुसतं वायफाय. माझा जुना बटणांचा फोन बंद पडून दुरुस्तीला गेलेला.

घरात जनी होती. माझ्याकडे कामाला यायची. नवरा सोमा भिवंडीचं काम सुटून परत आला होता आणि तिला रोज मारत होता. आदल्या दिवशी ती सुजलेला डोळा घेऊन आली, ती माझ्याकडेच राहिली.

"पोलिसांत जाऊ," मी म्हटलं.

"त्ये त्याला दम देतील नि सोडतील, बाय. मंग तो कुठं जाईल? घरीच येल ना." मग माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "यात माझं पन नाव टाका. मेली तर कुनाला तरी सांगता येल."

"गप बस. भाकऱ्या कर."

फाईल निवडून मी इम्पोर्ट दाबलं. नावं सरकत आली. मग ॲपने विचारलं – ‘इमर्जन्सी’ हा ग्रुप ठेवायचा का? मी होय म्हटलं. चहा घेतला. नंतर कितीतरी वेळ दोनदा आलेली नावं एकेक करून पुसत बसले. घर शांत होतं. जनी शेवटच्या भाकऱ्यांसाठी नाचणीचं पीठ मळत होती.

सोमाने पुढच्या दाराला लाथ घातली तेव्हा कडी चौकटीसकट निघाली. हातात कोयता.

"हट म्हातारे. मेरी औरत है."

मी आडवी आले. त्याने कोयत्याची मूठ माझ्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. जनीला त्याने केसांना धरून फरशीवरून ओढलं. मांडणी कोसळली, भांडी घरभर गेली. तिने डोकं वाचवायला हात वर केला आणि कोयता तिच्या तळव्यात रुतला. त्याने तो हिसकून काढला, परत उगारला. मी चुलीवरचा गरम तवा उजव्या हाताने उचलून त्याच्या पाठीत घातला. त्याने मला भिंतीवर फेकलं. पीठ, रक्त, जनीचं ओरडणं... ती संपली, असंच मला वाटलं.

तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारा आत आला. त्याने जॅकचा लोखंडी दांडा सोमाच्या गुडघ्यावर मारला. सोमा पडला. म्हाताऱ्याने कोयत्याचा हात पायाखाली दाबला आणि त्या हातावरही दांडा घातला. दोनदा. मग मी त्याला ओळखलं. वसंता. हा माणूस बैलावरही कधी ओरडला नव्हता.

दवाखान्यात मी विचारलं, "तू कसा आलास?"

"म्हंजे? तुमीच फोन केला ना, बाई."

"मी?"

"म्हनालात, सोमा जनीला मारतोय, मागच्या दारानं ये, पुढं तो हाय. जनी कोन, सोमा कोन, मला काय ठाव? पन फोनात मागं भांडी पडत होती, कुनी बाई वरडत होती. तशीच जीप काढली."

मोखाड्याहून जव्हारला यायला पाऊण तास तरी लागतो. तो निघाला तेव्हा मी चहा पीत होते.

त्याच्या मोबाईलवर त्या वेळचा कुठलाच कॉल नाही. चार दिवसांनी सुमनताई नाशिकहून एसटीने आल्या. त्यांनाही माझा आवाज ऐकू आला होता, तेच शब्द. डॉक्टरांना विचारता येत नाही.

मी तर्क करून पाहिले. वसंताला आधी कुणी सांगितलं असेल, तर तो भांड्यांचा आवाज कुठला? फोन दोन ठिकाणी दाखवून आणला. दोघांनीही सांगितलं, सिमशिवाय असा कॉल जाणं शक्य नाही. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

सोमा तुरुंगात आहे. जनी जिवंत आहे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, बाकी हात चालतो.

– आजी