‘आणखी थोडा अनुभव’: बहरीनमधले नऊ दिवस

ऑगस्टमध्ये आखातात जाऊ नये असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. तरी मी १९९७च्या ऑगस्टमध्ये बहरीनला गेले. त्या दिवसांत लोक सुट्टीला तिकडून इकडे येतात, त्यामुळे उलट्या दिशेचं तिकीट स्वस्त पडतं. शिवाय दादाचा फोन आला होता. "सात वर्षं झाली मला इथे. मी काय करतो ते एकदा येऊन तरी बघ."

मी पुण्यात एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. दाबमापक आणि तापमापक तपासायचे, बरोबर असले तर तसं सर्टिफिकेट द्यायचं. मोजणी बहुतेक माझ्या हाताखालचे पवारकाका करतात, सही माझी लागते. मी नसताना सर्टिफिकेटं थांबणार, एवढीच अडचण होती. "जाऊन या मॅडम, मी मोजून ठेवतो," ते म्हणाले.

व्हिजिट व्हिसा दादाच्या कंपनीमार्फत आला. शनिवारी मुंबईहून निघाले. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. हवा इतकी दमट की भिंतीला हात लावला तर ओला होतो. कोणी उन्हाळ्यात जाणार असेल तर सुती कपडे न्या, आणि एक जाड ओढणीही. घरं, दुकानं, गाड्या सगळीकडे एसीचा कडाका असतो. एक दिनार म्हणजे तेव्हा साधारण पंचाण्णव रुपये. मी दोन दिवस प्रत्येक वस्तूला पंचाण्णवने गुणत होते, मग सोडून दिलं. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्यावं.

दादाचं घर झिंज नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. दादा, वहिनी आणि तेरा वर्षांची गौरी. गौरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. खालच्या भट्टीतला गरम खुबूस, म्हणजे तंदूरच्या रोटीसारखा पाव, आणि वहिनीच्या हातचं हामूर माशाचं कालवण. पहिल्या रात्रीचं जेवण ते होतं.

रविवारी वहिनीबरोबर मनामाच्या बाजारात गेले. संध्याकाळी पाचनंतरच जावं, दुपारी दुकानं बंद असतात. वहिनीचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. दुकान परकारचाचांचं. ते मूळचे रत्नागिरीकडचे, सत्तरीच्या पुढचे, इथेच वाढलेले. मी तपासणीच्या कामात आहे असं कळल्यावर त्यांनी काउंटरखालून एक जुनं पाकीट काढलं.

"हे तपास बघू, बाय. यात काय चुकीचं हाय?"

पाकिटावर इंग्लंडच्या राजाचं तोंड असलेलं हिंदुस्थानचं तिकीट होतं आणि त्याच्यावर काळ्या अक्षरांत ‘बहरीन’ छापलेलं.

"तिकीट आमचं, नाव इथलं," मी म्हटलं.

"अगदी. इथला कारभार त्या टायमाला हिंदुस्थानातल्या सरकारामार्फत चालायचा. रुपयाबी आपलाच. माजा बापूस इंग्रजांच्या कचेरीत क्लार्क. साहेब उन्हाळ्यात थंड हवेला जायचा, तवा सगळी कचेरी बापूस सांभाळायचा. पत्रं तो लिवायचा आन् सहीला बोटीनं सायबाकडं धाडायचा."

"का? त्यांना सहीचा अधिकार नव्हता?"

"अधिकार कसला? तिकडं लंडनला मोठाली माणसं सभेत भांडत व्हती, या हिंदुस्थान्यांना आपला कारभार जमंल का म्हणून. अरबांचं बेट सांभाळायला हिंदुस्थानी कारकून चालतो, हिंदुस्थान सांभाळायला न्हाय चालत. आता सांग, चूक कुठं हाय?"

वहिनी म्हणाली, "यांचंही तेच चाललंय, चाचा. उन्हाळा आला की यांना ॲक्टिंग."

"ॲक्टिंग? मग पगार हिरोचा मागायला सांग."

वहिनी हसली, पण घरी येताना गाडीत तिने मला सगळं सांगितलं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पाच्या देखभालीचं काम दादाच्या कंपनीकडे आहे. दादा तिथे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. त्याचा इंग्रज सुपरिंटेंडंट दर उन्हाळ्यात सहा आठवडे रजेवर जातो, आणि ते सहा आठवडे दादा ‘ॲक्टिंग सुपरिंटेंडंट’ असतो. काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण. साहेब परत आला की दादा पुन्हा होता तिथे. कायमच्या बढतीसाठी त्याने चार वर्षं अर्ज केला आहे. या वर्षीचं उत्तर सोमवारी यायचं होतं.

ते आलं. दादाने पत्र मला दाखवलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. "आणखी थोडा अनुभव हवा म्हणतात. शनिवारपासून ॲक्टिंग. खाली ‘वाचले, मान्य’ म्हणून सही करून द्यायची."

"सहा आठवडे चालवायला अनुभव पुरतो, आणि सातव्या आठवड्यापासून पुरत नाही?" मी विचारलं.

"मीनल, व्हिसा त्यांच्या हातात आहे. गौरीची दहावी दोन वर्षांवर आली."

"म्हणजे सही करणार."

"शनिवारला अजून पाच रात्री आहेत," तो म्हणाला आणि टीव्ही लावला. मी उठून गॅलरीत गेले. तिथे पाच मिनिटंही उभं राहवत नाही, तरी राहिले.

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट होता, स्वातंत्र्याची पन्नाशी. इथे शुक्रवार सुट्टीचाच. आपल्या लोकांच्या क्लबात मुलांचा कार्यक्रम होता: लंडनच्या पार्लमेंटमधला वाद, हिंदुस्थानला स्वराज्य द्यावं की नाही. बाजू तीन. ‘कधीच नाही’, ‘आत्ताच’, आणि ‘द्यावं, पण हळूहळू’. चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि गौरीला तिसरी बाजू आली होती. क्लबच्या सेक्रेटरींनी पालकांना बजावलं होतं, इथल्या राजकारणाचा एक शब्दही नको. त्या काळात बहरीनचे लोक त्यांची बरखास्त केलेली संसद परत मागत होते. रस्त्यात नाक्यांवर पोलीस गाड्या थांबवून बघत. बुधवारी रिफाच्या पुढे वाळवंटातलं ते प्रसिद्ध एकटं झाड बघायला गेलो, तेव्हा आम्हालाही थांबवलं. (झाड बघायला स्वतःची गाडी हवी. पाट्या नाहीत, वाट विचारायला माणूस नाही. पाणी भरपूर न्या.) परतताना मी दादाला त्या मागणीबद्दल विचारलं. "गाडीतसुद्धा नको," तो म्हणाला.

त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी गौरीला मदत म्हणून क्लबच्या वाचनालयातून आणलेलं इतिहासाचं पुस्तक वाचत बसले होते. मला वाटलं होतं, ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांचा राग येईल. त्यांचा फारसा आला नाही. निदान त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. राग आला तो सभ्य माणसांचा. स्वराज्य द्यायचं आहेच, म्हणत. मग कायदा करत. प्रांतांत मंत्री तुमचे, पण त्यांचा निर्णय फिरवायचा अधिकार गव्हर्नरचा. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार व्हाइसरॉयकडे. पुढचा टप्पा कधी, याची तारीख नाही. तयार म्हणजे किती तयार, हे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या लॅबमध्ये किती चूक चालेल याची मर्यादा आधी लिहितात, मग उपकरण तपासतात. मर्यादा न लिहिताच नापास करायचं असेल, तर उपकरणाला हात तरी कशाला लावायचा? पार्लमेंटमध्ये शिकलेले लोक होते. त्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

"आत्या, आय डोन्ट नीड द बुक," गौरी म्हणाली. "माय स्पीच इज डन."

"दाखव."

"नो. सरप्राइज."

शुक्रवारी हॉल भरला होता. ‘कधीच नाही’वाला मुलगा ओरडला, लोक हसले. ‘आत्ताच’वाल्या मुलीला टाळ्या पडल्या. मग गौरी उठली. वहिनीचा काळा कोट, खांदे लोंबणारे. तिने आवाज अजिबात चढवला नाही. इंग्रजीत बोलली, मी मराठीत देते.

"त्यांची निष्ठा आणि कष्ट याबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. गैरहजेरीच्या काळात त्यांनी कारभार समाधानकारक सांभाळला, हे आम्ही नमूद करतो. मात्र पूर्ण जबाबदारी सोपवण्यापूर्वी मार्गदर्शनाखाली आणखी थोडा अनुभव आवश्यक वाटतो. अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत. निराश होण्याचं कारण नाही. योग्य वेळी विचार केला जाईल."

मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "पक्की मडम शोभते हो." हशा झाला. वहिनीने माझं मनगट धरलं, नखं रुतली. मी दादाकडे बघितलं. तो समोर बघत होता आणि त्याचा हात शर्टाच्या खिशावर होता.

तेव्हा मला कळलं.

गौरीला दुसरा नंबर मिळाला. परीक्षक म्हणाले, भाषा फार अस्सल होती, कुठल्या पुस्तकातून घेतली ते मुलीने जरूर सांगावं. गौरीने फक्त "थँक यू, सर" म्हटलं.

आम्ही गाडीत बसलो. दादाने विचारलं, "माझं पत्र कधी वाचलंस?"

"दरवर्षी तुमचे अर्ज मीच टाइप करते, पप्पा. ऑल द रिप्लाइज आर इन द सेम फाइल." मग हळूच, मराठीत, "मला पॉइंट्स पाहिजे होते. त्यात सगळे होते."

"गौरी," वहिनी म्हणाली.

"असू दे," दादा म्हणाला. "चुकीचं काय बोलली ती?"

शनिवारी सकाळी चहा घेताना त्याने पत्र माझ्यासमोर उघडून ठेवलं. ‘वाचले’ लिहिलं होतं. ‘मान्य’ खोडलं होतं. खाली त्याच्या बारीक अक्षरात, इंग्रजीत, दोन प्रश्न: कोणत्या निकषावर? कोणत्या तारखेपर्यंत? आणि उत्तर मिळेपर्यंत ॲक्टिंगचं काम स्वीकारू शकत नाही, असं एक वाक्य.

"क्रायटेरियन एकवचन ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बरोबर आहे." तो गेला.

चारला परत आला, बूट काढले, पाणी प्यायला. "साहेब म्हणाला, अशा गोष्टी लिहायची ही जागा नाही. मी म्हटलं, जागा सांगा, तिथे लिहितो."

"मग?"

"मग काय. त्याचं विमान होतं."

रविवारी मी निघाले. विमानतळावर वहिनीने खजुराचा डबा दिला.

दोन आठवड्यांनी दादाचा फोन आला. कंपनीने दुसऱ्या साइटवरून एक माणूस ॲक्टिंग म्हणून आणला होता. कुठला व्हॉल्व्ह कुठे, हे तो दिवसातून दहा वेळा दादाला विचारतो. दोन प्रश्नांचं उत्तर आलेलं नाही. व्हिसाचं नूतनीकरण जानेवारीत. "झोप लागते का?" मी विचारलं. "आता लागते," तो म्हणाला.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. परतल्यावर सोमवारी लॅबमध्ये गेले तेव्हा टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा होता, सहीसाठी थांबलेला. मी संध्याकाळपर्यंत एकेक आकडा तपासला. एकही चूक नव्हती. मग खालचा खण उघडला. पवारकाकांनी फेब्रुवारीत सहीच्या अधिकारासाठी दिलेला अर्ज त्यात होता. त्यांची या कामात सव्वीस वर्षं झाली आहेत, माझी पाच. त्यावर माझा शेरा होता, माझ्याच अक्षरात: आणखी थोडा अनुभव आवश्यक. मर्यादा कुठेही लिहिलेली नव्हती.

पवारकाका दारात उभे होते. "काही चुकलं का, मॅडम?"

"तुमचं नाही."

मॅनेजरची परवानगी मिळायला नऊ दिवस लागले. पहिलं सर्टिफिकेट मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबले.

"तुमच्या नावापुढे ‘करिता’ लिहून खाली सही करू ना?"

"नको," मी म्हटलं. "माझं नाव नको. नुसतं तुमचं."