दोनदा कमी केलेलं माप

आमच्या दादाची मुलगी लहानपणापासून दिसेल त्या काचेला टिचकी मारून बघते. खिडकी असो, पेला असो, कुणाच्या घरचं शोकेस असो. आवाज खणखणीत आला तर पुढे जायचं, बद्द आला तर "हिला तडा गेलाय" असं जाहीर करून टाकायचं. एकदा तर पाहुण्यांच्या नाकावरच्या चष्म्यालाच टिचकी मारली. तेव्हापासून तिचं नाव टिचकी पडलं. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव आहे, पण त्या नावाने घरात हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही.

दादाचं काचेचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही चौघं. भिंतीलगत लाकडी खाचांमध्ये काचा उभ्या असतात, मधोमध जाड कापड ताणून बसवलेलं मोठं टेबल, आणि काच कापायची हिरकणी वरच्या खिळ्याला टांगलेली. तिला दादाशिवाय फक्त टिचकीच हात लावते. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादम आहे. तिथे चादरी आणि माणसं दोन्ही तिच्या धाकात असतात. मी दादाची धाकटी बहीण. घरचं बघते आणि दुपारी दुकानाचा फोन उचलते.

दादाचा एक नियम आहे. काच चौकटीच्या मापाची कापायची नाही. लांबीत एक सूत कमी, रुंदीत एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. का, तर लाकूड फुगतं, उन्हाने काचही जराशी वाढते, आणि घट्ट बसवलेली काच आज ना उद्या तडकते. टिचकी हे अक्षरं शिकायच्या आधी शिकली.

पण दादाचा हा नियम दुकानापुरता राहिला नाही. धंदा कसा चाललाय विचारलं की, "चाललंय ढकलगाडी." मुलगी अभ्यासात कशी आहे? "आहे आपली, पास होते." मुलगी वर्गात पहिली आलेली आणि हा म्हणतो पास होते! वहिनी एकदा चिडून म्हणाली, "या घराण्याला कमी सांगायची खोडच आहे. लग्नाआधी मला सांगितलं, दुकान लहानसं आहे. येऊन बघते तर खरंच लहान! तेवढं एकच खरं निघालं."

टिचकी बारावीला गेली आणि घरात कॉलेजांची चर्चा सुरू झाली. तिच्या डोक्यात तीन कॉलेजं होती. एक टेकडीवरचं, जिथे भल्याभल्यांना जागा मिळत नाही. दुसरं नदीपलीकडचं, तेही चांगलं. तिसरं आमच्या बसस्टॉपजवळचं. तिथे अर्ज केला की जागा मिळते, नाही केला तरी बहुतेक मिळेल. टिचकीला टेकडीवरचंच हवं होतं. मोठं नाव आहे म्हणून नव्हे. तिथे काच, धातू, माती असल्या वस्तूंच्या अभ्यासाची मोठी प्रयोगशाळा आहे. नदीपलीकडे लहान का होईना, आहे. बसस्टॉपजवळ नाहीच.

"काच कुठून तडकते ते बाबांना कळतं, मला का तडकते ते शिकायचंय," ती म्हणायची.

अडचण पसंतीची होती. प्रवेश परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि त्याआधीच पहिली पसंती कळवायची होती. टेकडीला पहिली पसंती दिली आणि ते हुकलं, तर तोवर नदीपलीकडच्या जागा तिथे पहिली पसंती देणाऱ्यांनी भरून जायच्या. मग नशिबी बसस्टॉप. म्हणजे आपल्याला किती गुण पडतील हे आपणच अजमावायचं आणि उडी मारायची.

टिचकीने उत्तरं ताडून बघितली. आकडा काढला तो टेकडीच्या गेल्या वर्षीच्या कटऑफला जेमतेम टेकत होता. तिने तो वर्गशिक्षिकेला सांगितला. बाई म्हणाल्या, "त्यातून दहाएक वजा धर." घरी येऊन दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "आणखी पाच कमी धरावेत. मागाहून पस्तावण्यापेक्षा बरं."

झालं. आकडा इतका खाली आला की टेकडी दिसेनाशी झाली.

"नदीपलीकडचं टाकते पहिलं," टिचकी म्हणाली. रडली नाही, रुसली नाही. तशी ती नाहीच. पण त्या दिवशी जेवताना तिने पेल्याला टिचकी मारली नाही, ते मी बघितलं.

मी संध्याकाळी देवापुढे बसते तेव्हा घरातल्या सगळ्यांसाठी दोन शब्द बोलते. त्या आठवड्यात तिच्यासाठी जरा जास्त बोलले.

पुढे झालं ते असं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाला नवीन काच सांगितली. दादा माप घेऊन आला. एरवी माप तो घेतो आणि कापतोही तोच. पण त्या दिवसांत त्याचा अंगठा दुखावला होता, म्हणून कापायचं काम टिचकीकडे. तिने टेबलावर काच आडवी टाकली, पट्टी लावली, हिरकणी एका दमात ओढली. टेबलाच्या काठावर हलकेच दाबलं आणि काच अशी सुटली की बघत राहावं. दोघं बापलेक काच घेऊन ऐटीत गेले.

तासाभरात परत आले. काच तशीच हातात.

"काय झालं?" मी विचारलं.

"खुळखुळतेय," दादा म्हणाला. "चौकटीच्या पट्टीत धरतच नाही. एका बाजूने बसवली की दुसऱ्या बाजूने बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढी फट तर दातांतही चालत नाही."

"मी बरोबर कापली!" टिचकी म्हणाली. "तुम्ही सांगितलेल्या मापात दोन्हीकडून एकेक सूत कमी."

दादा थांबला. "तू कमी केलंस?"

"मग? तुम्हीच शिकवलंय."

"अगं, मी आधीच कमी करून सांगितलं होतं! म्हटलं तू कापणार, तुला सोपं जावं."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगायचं काय त्यात? मी आयुष्यभर कमीच करत आलोय!"

मला हसू आवरेना. दादाने डोळे वटारले, मग तोही हसला. टिचकी मात्र हसली नाही. काच भिंतीला टेकवून ती तिच्याकडे बघत उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "बाईंनी दहा वजा करायला का सांगितलं असेल गं?"

"त्यांना माहीत असेल. शिकलेल्या आहेत."

"मी आधीच वजा केले होते. जिथे काय खूण केली ते नीट आठवत नव्हतं, ते सगळे प्रश्न मी चूक धरले. बाईंना ते माहीतच नाही. बाईंनी दहा काढले ते बाबांना माहीत नाही. बाबांनी पाच काढले." तिने काचेकडे बोट दाखवलं. "ही दोघांनी कापली. माझे गुण तिघांनी कापलेत."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिने बाईंना सरळ विचारलं. बाई हसल्या म्हणे. "अगं, मी सगळ्यांनाच दहा कमी सांगते. मुलं जास्त धरून चालतात आणि निकालाच्या दिवशी माझ्या खांद्यावर रडतात. माझी साडी खराब होते. तू आधीच कमी धरलेत हे मला काय माहीत?"

मग दोघींनी बसून पुन्हा हिशेब केला. न आठवणारे प्रश्न निम्मे बरोबर धरले, निम्मे चूक. त्यावर कुणी आणखी काही वजा केलं नाही, कुणी वाढवलंही नाही. आकडा कटऑफच्या वर आला. फार नाही, पण वर.

घरी येऊन तिने सांगितलं. दादा लगेच म्हणाला, "तरी आपण थोडं..."

"बाबा," टिचकी म्हणाली, "चौकटीचं माप घेताना तुम्ही कधी कमी घेता का?"

"माप कसं कमी घेणार? माप असेल तेच घ्यायचं. कमी करायचं ते कापताना."

"मग हे माप आहे. आणि कमी एकदाच करायचं असतं. ते केलंय मी. निम्मे चूक धरलेत."

वहिनी कामावरून येऊन चपला काढत होती, ती तिथूनच म्हणाली, "अहो, पोरीने तुम्हाला तुमच्याच पट्टीने मोजलं. आता बोला."

"आणि नाही मिळालं तर?" दादाने विचारलं. त्याचा आवाज खरंच काळजीचा होता.

"तर बसस्टॉप," टिचकी म्हणाली. "तिथे शिकेन आणि नंतर पुन्हा टेकडीवर अर्ज करेन. पण बाबा, मला वाटतं मिळेल. उगाच नाही म्हणत, मोजून म्हणते."

दादाने बराच वेळ अंगठा चोळला. मग म्हणाला, "टाक टेकडी."

टिचकी माझ्याकडे वळली. "आत्या, तू देवाकडे काय मागितलंस गं माझ्यासाठी?"

मी ओशाळले. खोटं कसं बोलू? "म्हटलं, नदीपलीकडचं मिळालं तरी पुष्कळ आहे."

"बघ! तूसुद्धा!" ती ओरडली. वहिनी तर हसून हसून भिंतीला टेकली. "देवाकडे तरी पूर्ण मापाचं माग गं बाई!"

त्या संध्याकाळी मी देवाला म्हटलं, आधीचं मागणं मागे घेते. पोरीला जे हवंय तेच मागते. पुढे तुझी मर्जी.

निकाल लागला. तिने काढलेल्या आकड्यापेक्षा दोनच गुण कमी पडले, आणि यंदाचा कटऑफ त्याच्याही खाली थांबला. मुलाखतीचं बोलावणं आलं. दादा तिच्याबरोबर गेला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. आत काय झालं ते तिने घरी येऊन सांगितलं. तिघं प्राध्यापक होते. बाहेर वारा होता आणि त्यांच्या मागच्या खिडकीची काच एकसारखी थरथरत होती. एकीने विचारलं, "तुझं लक्ष कुठे आहे?" ही म्हणाली, "मॅडम, ती काच लहान कापलीय. खालची पट्टी बदलून चालणार नाही, काचच बदलावी लागेल." मग तिने त्यांना दवाखान्याच्या कपाटाची सगळी गोष्ट सांगितली. प्राध्यापकांनी तिला पुढे बरंच काही विचारलं, काचेला ताण कुठे येतो, तडा कुठून कुठे जातो. जे येत होतं ते तिने सांगितलं, जे येत नव्हतं त्याला "हेच शिकायला यायचंय" म्हणाली.

आठवड्याभराने जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा वहिनी धुलाईघरात होती. मी फोन केला. मागे यंत्रांची घरघर, आणि तिने तिथल्या बायकांना ओरडून सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी देवापुढे जाऊन हात जोडले. त्या दिवशी काही मागितलं नाही.

ती लहान पडलेली काच दादाने टाकली नाही. कडा घासून टिचकीच्या अभ्यासाच्या टेबलावर बसवली. तिथे ती अगदी चपखल बसली.

परवा डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या कपाटाला आता योग्य मापाची काच आहे. त्यांनी विचारलं, "मुलीचं काय झालं हो?"

मी फोनपाशी बसले होते. म्हटलं, आता दादा म्हणेल, "मिळालं कुठेतरी."

दादा ताठ उभा राहिला. "टेकडीवरचं," तो म्हणाला. "पहिली पसंती, पहिल्या फेरीत. मुलाखतीला तिघं प्राध्यापक उठून उभे राहिले."

"बाबा!" टेबलापलीकडून टिचकी ओरडली. "कुणी उभं राहिलं नाही हं! एकजण फक्त खिडकी बघायला उठले होते."

"तेच ते," दादा म्हणाला.

"तेच कसं? कमी करू नका म्हटलं, म्हणून आता वाढवायला लागलात? वाढवलेली काच तर चौकटीत शिरतच नाही!"

डॉक्टरीणबाई हसत हसत गेल्या. दादाने हिरकणी खिळ्यावरून काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही पुढची काच तू काप. माप मी खरं सांगितलंय. कमी तू कर."

तिने काचेला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि पट्टी लावली.