दादाची तपासणी

माझा मोठा भाऊ आंब्याच्या कलमावरून पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. हातपाय शाबूत, डोक्यावरच्या जखमेची खूण केसांत झाकलेली. त्यामुळे देवरूखजवळच्या आमच्या गावात तो कुणाला आजारी वाटतच नसे. "धडधाकट माणूस घरी बसून खातोय," हे वहिनीला तोंडावर ऐकावं लागे. चुलीवर आधण ठेवून तो अंगणात जाई आणि विसरून जाई, हे फक्त घरच्यांना ठाऊक.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी वहिनी आणि मी त्याला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तपासायला एक डॉक्टरीणबाई होत्या. दादानं हात वर केले, उकिडवा बसून दाखवलं, नाव-गाव बिनचूक सांगितलं. मला वाटलं, आता या म्हणणार, याला काही झालेलं नाही!

बाईंनी त्याच्या हातात नोट दिली. "दादा, समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणि बिस्किटं आणाल? आणि परत इथेच या."

तो खुशीत निघाला. बाईसुद्धा उठल्या आणि अंतर ठेवून त्याच्यामागे चालू लागल्या; मागोमाग आम्ही दोघी. बाहेर रणरणतं ऊन. दादानं बाटली घेतली आणि तिथंच थबकला. मग भलत्याच दिशेला, एसटी स्टँडकडे चालायला लागला. वहिनी हाक मारणार तेवढ्यात बाईंनी झपाझप जाऊन त्याला गाठलं.

"चला, बरोबरच जाऊ."

"तुम्ही कोण?" दादानं विचारलं.

"मी डॉक्टर. मघाशी भेटलो ना आपण." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की दादा ओशाळलासुद्धा नाही. मी मात्र थक्क होऊन बघत राहिले. वर्षभर आम्ही जे कुणाला पटवू शकलो नव्हतो, ते त्यांनी स्वतः चालत जाऊन पाहिलं होतं.

आत आल्यावर त्यांनी वहिनीला त्याचा सगळा दिवस विचारून लिहून घेतला. म्हणाल्या, "नुसते हातपाय बघून सही केली, तर ती तपासणी नव्हे. आज ते दमलेत. स्मरणशक्तीच्या चाचण्या ताज्या मनानं व्हायला हव्यात, पुन्हा या."

मग लिहिलेलं सगळं त्यांनी दादालाच सावकाश वाचून दाखवलं. "बरोबर आहे? काही राहिलं?"

"मला राग येतो," दादा म्हणाला. "पूर्वी येत नव्हता. ते लिहा."

बाईंनी लिहिलं. वहिनी पदरात तोंड लपवून रडायला लागली.

पुढच्या खेपेला चाचण्या झाल्या, यथावकाश प्रमाणपत्रही आलं. पण माझ्या डोळ्यांपुढे येतो तो दादा, खुर्चीत ताठ बसलेला, आपल्याबद्दलचं एकेक वाक्य कान देऊन ऐकणारा.