कमरेची चावी

गोदावरी सिस्टरच्या कमरेला ऑक्सिजनच्या टाकीची लोखंडी चावी असायची. ड्यूटी संपली की ती पुढच्या सिस्टरच्या हातातच द्यायची, टाकीवर कधी ठेवायची नाही. सोलापुरातल्या इस्पितळात, बाळांच्या वॉर्डात, यावरून तिची चेष्टा व्हायची. तिजोरीची किल्ली म्हणायचे लोक. म्हणेनात का!

चावी टाकीवर राहिली की नातेवाईक ती फिरवायचे. टाकीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात, ते म्हणजे लेकराचा जीव, असा त्यांचा पक्का समज. सिस्टरने बुडबुडे कमी करून पाठ वळवायचा अवकाश, कोणीतरी चावी पिळलीच.

खरं तर एकेकाळी गोदावरीचाही समज फार वेगळा नव्हता. एकाहत्तर साली अक्कलकोटकडच्या निंगव्वाला सातव्याच महिन्यात मुलगी झाली, निळी पडलेली. गोदावरीने तिला चोळून, हवा देऊन रडवलं आणि पुढे अठरा दिवस ऑक्सिजन सढळ हाताने सोडला. पोरगी जगली. वर्षाने निंगव्वा तिला दाखवायला घेऊन आली. गोदावरीने हौसेने खुळखुळा वाजवला, पोरगी हसली. पण आवाज न करता तोच खुळखुळा डोळ्यांपुढून नेला, तर नजर हलेना. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन मिळाला की डोळ्यांचे पडदे जाऊ शकतात, पुस्तकात हे केव्हाचं लिहिलंय. निंगव्वाला यातलं काही कळलं नव्हतं. ती पाया पडली आणि म्हणाली, "बाई, तुमीच वाचवलं हिला." गोदावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तिचा एकच नियम. बाळ निळं असेल तर लागेल तेवढा ऑक्सिजन. ओठ गुलाबी झाले की कमी, गुलाबीच राहिले तर बंद. आणि मग स्टूल ओढून त्या ओठांकडे बघत बसायचं.

पंचाहत्तर साली माळशिरसच्या सोजरबाईचा नातू आला, तळहातावर मावेल एवढा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे ओठ गुलाबी राहिले, तशी गोदावरीने टाकी बंद केली. बुडबुडे थांबले आणि सोजरबाईने हंबरडा फोडला. सगळा वॉर्ड गोळा झाला. मोठे डॉक्टर आले. सोजरबाईचा मुलगा तालुक्यातला वजनदार माणूस, त्यामुळे डॉक्टरांनी बाळाच्या आधी त्याच्याकडे बघितलं आणि चावी मागितली.

गोदावरीने चावी मुठीत धरली. "ओठ बघा, साहेब. निळे पडले तर मीच उघडते. तरी चालूच ठेवायचा असेल तर केसपेपरवर लिहून द्या, डोळे गेले तर जबाबदार तुम्ही."

डॉक्टरांनी पेन काढलं, पण लिहिलं काही नाही. सोजरबाई मात्र पुढे आली.

"आन् त्यो मेला तर गं?"

"आजी, मी हितनं हलत न्हाय," एवढंच गोदावरी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तीन दिवस ती घरी गेली नाही. दोनदा ओठ निळसर झाले, दोनदा तिने टाकी उघडली आणि रंग येताच बंद केली. बाळ तगलं. चौथ्या दिवशी तिच्या हातात कागद पडला. वरिष्ठांचा अवमान केला म्हणून म्हाताऱ्यांच्या वॉर्डात बदली. चावी पुन्हा टाकीवर लटकू लागली.

सहा महिन्यांनी सोजरबाई नातवाला घेऊन तिला शोधत आली. गोदावरीने एक लाल फडकं घेतलं आणि आवाज न करता डावीकडे नेलं. पोराचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे नेलं, डोळेही उजवीकडे आले. मग मात्र ती मनसोक्त रडली.

तोंड पुसून, पोराला कडेवर घेऊन ती तडक बाळांच्या वॉर्डात गेली. मोठे डॉक्टर राउंडवर होते. एका गुलाबी बाळाशेजारी बुडबुडे जोरात उसळत होते. डॉक्टरांच्यादेखत तिने ऑक्सिजन कमी केला आणि चावी काढून कमरेला अडकवली.

"आता नोकरी घ्या," ती म्हणाली, "चावी मिळणार नाही."

डॉक्टरांनी चावीसाठी हात पुढे केला. कडेवरचं पोर त्यांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होतं. ते मान वळवतील तिकडे त्याची नजर जात होती. डॉक्टरांनी हात मागे घेतला.