शेवटचं प्रकरण दोघींचं

फुकटची कादंबरी दिसली की अंजनाबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी बोहल्यावरच्या नवरीच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. इंदोरा वस्तीत आमची घरं समोरासमोर. सकाळी मी ऑफिसच्या घाईत स्कूटी काढत असते आणि त्या ओट्यावर चहाचा कप बाजूला सारून, चष्मा कपाळावर ढकलून, फोन नाकाशी धरून बसलेल्या असतात. किमती रात्रीतून बदलतात, त्यामुळे सकाळी सकाळी पाहावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. मला उशीर होतोय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. हात हलवून थांबवतात आणि सांगतात, "प्रणाली, हे पाह्य वं. कालपर्यंत विकत होती, आज फुकट झाली."

हा नाद मीच लावून दिला, तेव्हा कुरकुर करायची सोय नाही. पुस्तकांच्या ॲपमध्ये किमतीचा चढता क्रम कसा लावायचा, म्हणजे फुकटची पुस्तकं आपोआप वर येतात, ते मीच दाखवलं. नवं पुस्तक आलं की लेखक एखाद-दोन दिवस ते मोफत ठेवतात, जुन्या, हक्क संपलेल्या कादंबऱ्या कोणीतरी पदरमोड करून टाइप करून ठेवलेल्या असतात, घ्यावं की नको असं वाटलं तर पहिलं प्रकरण नमुना म्हणून वाचता येतं, हेही मीच सांगितलं. पुढं मात्र गुरूला विचारतो कोण! आता कोणता प्रकाशक कोणत्या सणाला किंमत पाडतो, हे त्याच मला ऐकवतात. एकदा मी व्हॉट्सॲपवर फिरत आलेली एका गाजलेल्या कादंबरीची पीडीएफ त्यांना पाठवली, तर त्यांनी ती न उघडताच पुसून टाकली आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. ज्यानं लिहिलं त्यानं दिलं तर ते फुकट, नाही तर चोरी, एवढा साधा त्यांचा हिशेब.

विकत मात्र त्या कादंबरी घेत नसत. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून त्या पिशवी भरून पुस्तकं आणतात, पण ती विचारांची. ती घरात हवीत, नातवंडांच्या हाताला लागायला हवीत. गोष्ट मात्र आणावी, वाचावी आणि परत करावी, असं त्यांचं मत. ते मत वाचनालयानं बनवलेलं होतं, आणि वाचनालयाबद्दल सांगायचं तर सरिताबाईंबद्दल सांगावंच लागेल.

कळमेश्वरच्या एमआयडीसीत गोळ्यांची पाकिटं भरायच्या एका कारखान्यात दोघी तरुणपणापासून केस पिकेपर्यंत कामाला होत्या. सरिताबाई गोळीबार चौकाकडच्या विणकरांच्या घरातल्या. वडिलांचे हातमाग बंद पडले आणि लेक कारखान्यात गेली. दोघींची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली, तीही कादंबरीवरून. वाचनालयाचं कार्ड एकच, अंजनाबाईंच्या नावाचं. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. मग दोघींनी वाटणी केली. बस जाताना अंजनाबाई वाचणार आणि येताना सरिताबाई वाचणार, तेवढीच पानं. घरी पुस्तक उघडायचं नाही.

त्यामुळे अंजनाबाई कायम एक पाऊल पुढं. दुपारच्या डब्याला सरिताबाई अगदी काकुळतीला यायच्या, नुसतं एवढं सांग की ती पोरगी वाचली का. पण पुढं असलेलीनं मागचीला काही सांगायचं नाही, असा नियम होता. संध्याकाळी बस निघाली की अंजनाबाई पुस्तकाकडे न पाहता सरिताबाईंच्या तोंडाकडे पाहत बसायच्या. भुवया चढल्या की ओळखायचं, पत्र सापडलं. पदर डोळ्याला लागला की ओळखायचं, म्हातारा गेला. "मी वाचो तवा अर्धी मजा," त्या मला सांगतात, "अन् सरिताचं तोंड पाहो तवा पूर्ण."

आणि शेवटचं प्रकरण दोघींचं. ते एकटीनं वाचायचं नाही, हा दुसरा नियम. त्या दिवशी पुस्तक दोघींच्या मांडीवर मधोमध ठेवायचं आणि जिचं पान आधी संपेल तिनं थांबायचं.

म्हणूनच दोघींना स्मार्टफोन आले आणि मी पुस्तकांसाठी दोघींची वेगळी खाती उघडायला बसले, तेव्हा अंजनाबाई अडून बसल्या. आमचं कार्ड एकच होतं, आताही एकच राहीन, म्हणाल्या. मी परोपरीनं समजावलं की मावशी, हे वाचनालय नव्हे, इथं खात्याला काही पडत नाही. सरिताबाई शेजारी बसून नुसत्या हसत होत्या. शेवटी मी हात टेकले आणि एकच खातं दोन्ही फोनवर चालू करून दिलं. जो मोबाइलवाला असली भानगड पाहील त्याला हसू फुटेल, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलंही.

पण त्या खुळ्या हट्टातून एक गंमत झाली. खातं एकच असल्यामुळे ॲपला वाटायचं, वाचणारी बाई एकच आहे. सरिताबाईंनी त्यांच्या फोनवर पुस्तक पुढं वाचलं की अंजनाबाईंच्या फोनवर चौकट उमटायची. दुसऱ्या फोनवर तुम्ही अमुक पानावर आहात, तिथं जायचं? खाली हो आणि नाही. तिकडे सरिताबाईंनाही तेच विचारलं जायचं. दोघी इमानदारीनं 'नाही' दाबायच्या आणि आपापल्या पानावर राहायच्या. पण कोण कुठवर आलं ते कळायचं. अंजनाबाई त्याला निरोप म्हणायला लागल्या.

पुढं सरिताबाईंचे यजमान गेले आणि मुलगी माया त्यांना रायपूरला घेऊन गेली. फोनवर दोघींचं फारसं जमत नाही. सरिताबाईंना कमी ऐकू येतं, अंजनाबाईंना ओरडून बोलायची लाज वाटते. जेवली का, पाय कसे आहेत, एवढ्यावर बोलणं संपतं. पण निरोप यायचा. सरिता एकशे चाळिसावर आली, म्हणजे आता रडून राहिली असन, असं म्हणत त्या ओट्यावर एकट्याच डोळे पुसायच्या. शेवटच्या प्रकरणाच्या दारात जाऊन त्या थांबायच्या. सरिताबाई तिथवर आल्याचा निरोप आला की दोन्हीकडे प्रकरण वाचलं जायचं आणि मग एक फोन. त्यात फक्त 'झालं' म्हणायचं. इतकी वर्षं शेजारी राहून मला असं 'झालं' म्हणायला कोणी नाही, म्हणून मला त्या दोघींचा खरंच हेवा वाटायचा.

गेल्या दिवाळीच्या आसपास निरोप बिघडले. सरिताबाई विसाव्या पानावर असायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर. मग पुन्हा पंधराव्या, पुन्हा पहिल्या. आधी मी ॲपला शिव्या घातल्या. काढून पुन्हा टाकून पाहिलं. फरक पडेना. अंजनाबाईंनी वेगळाच अर्थ काढला. फुकटची पुस्तकं तिला आवडेनाशी झाली, म्हणाल्या. पोरीच्या घरी चांगलंचुंगलं वाचायले मिळत असन. मग त्या हात धुऊन मागे लागल्या. फुकटातलं उत्तमातलं उत्तम हुडकायचं, लोकांचे अभिप्राय वाचायचे, नमुने चाळायचे, एक टाकायचं, आठवडाभर वाट पाहायची. सरिताबाई पहिल्या प्रकरणाच्या पुढं जाईनात. मी म्हटलं, सरळ फोन करून विचारा की. त्यांनी विचारलं. सरिताबाई म्हणाल्या, वाचून राहिली ना, लय मस्त आहे.

"खोटं बोलून राहिली," फोन ठेवून अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका पडला होता की मी ऑफिसला जायचं सोडून शेजारी बसले.

आणि मग त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. एका कादंबरीवर त्यांचा केव्हापासून डोळा होता. धरणात बुडणाऱ्या गावाची गोष्ट. सगळं गाव उठून जातं आणि पहिल्याच प्रकरणात एक बाई पाण्याखाली जाणाऱ्या घराला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचते. ती फुकट कधी होईना. संक्रांतीला प्रकाशकानं किंमत अर्ध्यावर आणली तशी अंजनाबाईंनी मला हाक मारून, माझ्याकडून बटण दाबवून ती विकत घेतली. विकत घेतलेली पहिली कादंबरी. घेतल्यावर बराच वेळ त्या बावरल्यासारख्या हसत होत्या.

त्याच संध्याकाळी रायपूरहून स्वतःहून फोन आला. सरिताबाईंचा आवाज मला माझ्या दारात ऐकू येत होता. "अंजना, त्या बाईनं कुलूप काहून लावलं असन वं? घर तर बुडूनच राहिलं."

"वाच, मंग समजते," अंजनाबाई म्हणाल्या आणि नियम पाळल्याच्या आनंदात त्यांनी आम्हा सगळ्यांना तिळगुळ वाटला.

त्या झरझर वाचत गेल्या आणि शेवटच्या प्रकरणाच्या दारात जाऊन बसल्या. मलाही उत्सुकता होती. रोज विचारायची, आली का सरिताबाई? नव्हत्या आल्या. आणि मग पुन्हा फोन आला, तोच आनंदी आवाज, तोच प्रश्न, कुलूप काहून लावलं असन. अंजनाबाईंनी तेच उत्तर दिलं, पण या वेळी त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा उत्तर देऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मीच मायाला फोन लावला. अंजनाबाई समोर होत्या, म्हणून स्पीकर चालू ठेवला. माया म्हणाली, डॉक्टरांना दाखवलंय, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणारा. जुनं सगळं आठवतं, बसचा ड्रायव्हरसुद्धा आठवतो. कालचं राहत नाही. तुम्हाला सांगायचं जिवावर आलं होतं. पुस्तक उघडलं आणि मधलं पान दिसलं की म्हणते हे कोणी वाचून ठेवलं, आणि पहिल्या पानावर जाते.

"मावशी, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ," माया म्हणाली. "आईले रोज वाटते, अंजनानं आज नवीन पुस्तक टाकलं. रोज खूश होते."

अंजनाबाई उठून आत गेल्या, कुकर लावला, डाळ बाहेरच राहिली होती. मीच आत जाऊन गॅस बंद केला. त्या वेळी मला त्या आजाराचा, रायपूरचा, अंतराचा, सगळ्याचा इतका संताप आला होता की रडूही येईना.

दोन-तीन आठवडे फोन ओट्यावर दिसला नाही. सकाळी मी स्कूटी काढायचे, त्या तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. एका आवडत्या प्रकाशकानं चार कादंबऱ्या मोफत ठेवल्याचं मीच मुद्दाम सांगितलं, तर म्हणाल्या, राहू दे. एकदा मी धीर करून म्हटलं की मावशी, शेवटचं प्रकरण तेवढं वाचून टाका ना. कुलूप का लावलं ते तुम्हाला तरी कळेल. पैसे दिलेत तुम्ही.

"एकटीनं वाचलं तर ते संपून जाईन वं," त्या म्हणाल्या. "मंग तिची वाट कुठं पाहू?"

मी हेल्मेट घातलं आणि गेले.

परवा रविवारी दुपारी मी वाळवणाची चादर त्यांच्या ओट्यावर टाकायला गेले. त्यांच्याकडे ऊन जास्त वेळ टिकतं. अंजनाबाई फोन हातात घेऊन बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. मी मागून वाकून पाहिलं. चौकट आली होती. दुसऱ्या फोनवर तुम्ही पान एकवर आहात, तिथं जायचं?

आजवर त्यांनी 'नाही' शिवाय दुसरं काही दाबलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि 'हो' दाबलं. शेवटच्या प्रकरणाचं दार गेलं आणि पहिलं पान आलं. त्या हळूहळू, ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. कुलूप लावणारी बाई आली तिथं त्या थांबल्या, भुवया चढवल्या आणि पुन्हा वाचू लागल्या.

थोड्या वेळानं फोन वाजला. रायपूरचा. तोच मोठा आवाज ओट्यावर पसरला, बाईनं कुलूप काहून लावलं असन.

"मलेही नाही समजलं वं," अंजनाबाई म्हणाल्या. "उद्या पाहू दोघी."

फोन ठेवल्यावर मी वाळवण पसरता पसरता उगाचच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कोणतं पुस्तक आहे, मावशी?

"नवीन आहे," त्या म्हणाल्या. "आजच सुरू केलं आम्ही."