कीथच्या न लिहिलेल्या मॅचेस

कीथची आणि आमची ओळख एका नारळामुळे झाली. नऊ वर्षांपूर्वी आम्ही सिंगापूरला, हौगांगच्या या ब्लॉकमध्ये राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. खाली टपालपेट्यांपाशी माझ्या बायकोच्या, वैशालीच्या हातातल्या पिशवीचा बंद तुटला आणि नारळ निसटला. पेटी उघडून उभ्या असलेल्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या गोऱ्या माणसानं हातातली पत्रं सोडून दिली, "कीपर्स!" अशी आरोळी ठोकली आणि आडवी उडी घेतली. नारळ फरशीच्या चार बोटं वर असताना त्यानं धरला, छातीशी कवटाळला आणि तसाच कुशीवर पडून राहिला. त्याचं वय तेव्हा त्रेपन्न होतं.

"अहो, त्यांना लागलं का बघा आधी," वैशाली म्हणाली. मी पुढे झालो. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "नुसत्या हातांवर कधी विश्वास ठेवायचा नाही. हातांच्या मागे पोट पाहिजे." मग उठला, नारळ वैशालीला दिला आणि आपली पत्रं गोळा करायला लागला.

"कीपर्स" म्हणजे "बॉल माझा आहे, बाकीचे बाजूला व्हा" अशी गोलकीपरची हाक, हे मला नंतर कळलं. कीथ इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनमध्ये गोलकीपर होता. टीव्हीवर दिसतं ते फुटबॉल नव्हे. कालव्याकाठच्या एका लहान गावाचा क्लब, मैदानात चिखल, आणि प्रेक्षक इतके कमी की शिव्या देणारा कोण ते आवाजावरून ओळखता यायचं. चौदा वर्षं तो त्या एकाच क्लबकडून खेळला. शेवटी एक सीझन खेळायला म्हणून सिंगापूरला आला, तेव्हा इथल्या एका फिजिओथेरपिस्टनं त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट बघून विचारलं, "हे मुळात कुठल्या दिशेला होतं?" तीच सू लिन, त्याची बायको. कीथ परत गेलाच नाही.

तो नवव्या मजल्यावर राहतो, आम्ही अकराव्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. तो माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा असला तरी मराठीत लिहिताना मला त्याला "अहो-जाहो" करता येत नाही, आणि त्यालाही ते आवडणार नाही. तो मला "चीफ" म्हणतो. मी कुणाचाही चीफ नाही. जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करतो. कुठे व्हॉल्व्ह चुकीचा उघडला, कुठे हातोडा वरून पडला पण कुणाच्या डोक्यात पडला नाही, अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद ठेवणं हा माझा दिवसभराचा उद्योग. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. कीथला वाटलं नाही. "गोलकीपरला नीट कंटाळता आलं पाहिजे, चीफ," तो म्हणाला. "ऐंशी मिनिटं काही होत नाही. मग होतं. त्या ऐंशी मिनिटांत जो डुलकी घेतो त्याच्यासाठी ते जास्त वेळा होतं." हे मी आमच्या नव्या इंजिनिअरांना ट्रेनिंगमध्ये सांगतो. कीथचं नाव घेऊन सांगतो.

रविवारी सकाळी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या इथल्या बाजारात, तो नेहमी भिंतीला पाठ लावून बसतो आणि सगळ्या टेबलांवर नजर ठेवतो. गरम सूपचा ट्रे घेऊन कुणी मागून आलं की अनोळखी माणसालाही ओरडून सांगतो, "डावीकडे! मागे माणूस आहे!" लोक दचकतात, पण सूप सांडत नाही. सू लिन दर वेळी, वाक्याच्या शेवटी इथला ठेवणीतला "ला" जोडून म्हणते, "कीथ, ही मॅच नाही ला." आमच्या मुलीनं, ईरानं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिनं घरी येऊन जाहीर केलं, "बाबा, कीथ अंकल पोलीस आहेत."

तर आता वह्यांविषयी. कीथकडे निळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या आहेत. त्यात त्यानं लीगमध्ये खाल्लेला प्रत्येक गोल लिहिलेला आहे. तारीख, समोरचा संघ, पायानं की डोक्यानं, बॉल कुठून आला, आपण कुठे उभे होतो, कुठे उभं राहायला हवं होतं. शेवटच्या रकान्यात गोल कुणाचा दोष. तिथे तीनच शब्द येतात : "मी", "ते" आणि "वारा". एकूण गोल चारशे दोन. मी बेरीज केली आहे. "मी" एकशे एकाहत्तर, "ते" दोनशे एकोणीस, "वारा" बारा.

"बाराच?" मी विचारलं होतं.

"तेरा होते. एक मी वाऱ्यावर ढकलला होता. वर्षभरानं खोडून 'मी' लिहिलं."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी इतका प्रामाणिक रिपोर्ट पाहिलेला नाही. आमच्याकडे चौकशीत पहिली तीन पानं वाराच असतो.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलो तर कीथ स्टॉपवरच उभा. "दिवस कसा गेला?" त्यानं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत, "तुला एक्सेल येतं ना?"

त्याच्या जुन्या क्लबची ईमेल आली होती. क्लब स्टँडच्या भिंतीवर तीनशे लीग मॅचेस खेळलेल्या खेळाडूंची नावं लावणार होता. आजवर असे सहाच झाले. क्लबच्या नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, की आमच्या हिशेबानं तुमच्या दोनशे नव्याण्णव होतात. पण पाइप फुटून आमचे काही कागद भिजले आहेत, तुमच्याकडे स्वतःची नोंद असेल तर कळवा.

"दोनशे नव्याण्णव तर दोनशे नव्याण्णव," कीथ म्हणाला. "एक कमी म्हणजे कमी." पण ईमेलचा छापील कागद त्याच्या खिशात होता आणि घड्या पडून पडून मऊ झाला होता.

सू लिननं तसं काही लपवलं नाही. "चोवीस वर्षं ही वाकडी बोटं मीच चोळते," ती म्हणाली. "भिंतीवर नाव लागलं तर मी तिथे जाऊन फोटो काढणार. मिलिंद, नीट मोज हां."

मी तीन रविवार मोजलं. वह्यांप्रमाणे कीथनं गोल खाल्लेल्या मॅचेस दोनशे चौदा. क्लबच्या यादीतल्या तशा मॅचेसही दोनशे चौदा, एकूण एक जुळल्या. उरल्या क्लीन शीट, म्हणजे त्यानं एकही गोल होऊ दिला नाही अशा मॅचेस. क्लबच्या मते त्या पंच्याऐंशी. ताडून बघायला मी कीथकडे त्यांची वही मागितली.

"ती नाही."

"हरवली?"

"लिहिलीच नाही. त्यात लिहिण्यासारखं काय असतं?"

इतका काटेकोर माणूस, आणि आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या मॅचेसचा त्याच्याकडे एका ओळीचाही पुरावा नाही. चारशे दोन गोल तो मला केव्हाही हातवारे करून दाखवू शकतो. क्लीन शीटमधल्या दोन सोडून एकही त्याला धड आठवेना. मी त्याला सांगितलं, की आमच्या प्लांटच्या गेटवरसुद्धा अपघाताविना किती दिवस गेले त्याचा मोठा बोर्ड असतो.

"कोण बघतं तो?"

मला खरं सांगावं लागलं. "रोज कुणी नाही. परत शून्यावर आला की सगळे बघतात."

"मग?" कीथ म्हणाला.

यादीत मात्र एक जागा अडली. एका मार्चमध्ये कीथचं बोट मोडलं होतं. त्याच्या जागी डेनिस नावाचा राखीव गोलकीपर खेळला. क्लबच्या यादीत डेनिसच्या सलग चार मॅचेस होत्या. पहिल्या तिन्हीत गोल झाले आणि ते कीथच्या वहीत नाहीत, म्हणजे त्या नक्की डेनिसच्याच. चौथी मंगळवारची, बाहेरगावची, शून्य-शून्य. त्यानंतरच्या शनिवारी कीथ परत आलेला. वहीत गोल आहे, दोष "मी". मंगळवारचा कागद भिजलेल्यांपैकी होता. गोलकीपरच्या नावाच्या जागी नुसता डाग. आधीच्या तीन डेनिसच्या म्हणून चौथीही त्याच्या नावावर धरलेली होती.

मी हे सांगितलं तेव्हा कीथ उठून उभा राहिला. "ती डेनिसची आहे. माझं बोट मोडलं होतं."

"शनिवारी तू खेळलास. चार दिवस आधी—"

"चीफ, ऐक. मी दुसऱ्याचं काहीही घेईन. त्याची सायकल घेईन. दुसऱ्या कीपरची क्लीन शीट घेणार नाही. राखीव माणसाला आयुष्यात किती मिळतात ठाऊक आहे तुला?"

"मग त्यालाच विचारू."

कीथ परत खाली बसला. डेनिसशी तो सव्वीस वर्षांत बोललेला नव्हता. भांडण झालेलं नव्हतं. सहा वर्षं दोघांनी एकमेकांना सराव दिला. प्रत्येक मॅचच्या आधी डेनिस बॉल मारणार, कीथ अडवणार. मग कीथ मैदानात आणि डेनिस बाकावर. शेवटी कीथची जागा डेनिसला मिळाली आणि कीथ निघून आला. "जाळं एक आणि कीपर दोन," तो म्हणाला. "काय बोलणार?"

क्लबच्या गृहस्थांनी डेनिसला विचारून त्याचा नंबर पाठवला. नंबर आठ दिवस फ्रिजवर चिकटलेला राहिला. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, सू लिननंच तो लावला, फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि कीथच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिकडे सकाळ होती. मी माझी यादी घेऊन बसलो होतो. पलीकडे मागून कुत्रा भुंकत होता.

"डेनिस, मी कीथ."

"जिवंत आहेस अजून?"

"थोडाफार. एक विचारायचंय." आणि कीथनं सगळं सांगितलं. भिंत, तीनशे, मंगळवार. शेवटी म्हणाला, "ती तुझी आहे, हे मला माहीत आहे. फक्त हा माझा शेजारी ऐकत नाही."

पलीकडे कुत्राही गप्प झाला. मग डेनिस म्हणाला, "लीगमध्ये माझ्या क्लीन शीट चार आहेत. चारच. आमच्या पोरांचे वाढदिवस मी चुकतो, पण त्या चार तारखा झोपेतून उठवून विचार. मंगळवार त्यात नाही."

"पण माझं बोट..."

"दोन बोटं एकत्र बांधून खेळलास. टेप कुणी लावली?"

"कुणी?"

"मी लावली, मूर्खा! बसमध्ये. मॅनेजरनं मला सकाळी सांगितलं होतं, डेनिस, आज तू खेळतोस. माझी आई दोन बस बदलून आली होती बघायला. आणि तू आलास, हात पुढे केलास आणि म्हणालास, घट्ट बांध."

कीथचा चेहरा पडला. "तुझी आई आली होती हे मला माहीत नव्हतं."

"कसं असणार? मी बोललोच नाही. सव्वीस वर्षं नाही बोललो."

"डेनिस, मी—"

"असू दे रे. परत जाताना आईच म्हणाली, तुझ्या जागी उभा होता तो बरा आहे की रे! मला तेव्हा तिचाच जास्त राग आला."

कीथ हसला, मग सू लिन, मग डेनिस, आणि कुत्रा पुन्हा सुरू झाला. डेनिसनं क्लबला दोन ओळी लिहून पाठवल्या. क्लबनं आकडा दुरुस्त केला. पुढे कीथ आणि सू लिन तिकडे जाऊन आले, डेनिसकडेच उतरले, आणि भिंतीवरच्या सातव्या नावाचा फोटो सू लिननं आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट थांबवून थांबवून लोकांना दाखवला. ईराचं मत, "कीथ अंकल लेजंड आहेत ला."

पण त्या दुपारी काम झाल्यावरही कीथनं फोन ठेवला नाही. जरा वेळानं, ऐकू येईल न येईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "मी काय केलं रे त्या मॅचमध्ये?"

"म्हणजे? तुला काहीच आठवत नाही?"

"गोल झाला असता तर आठवलं असतं."

मग डेनिस सांगायला लागला. बाकावर नव्वद मिनिटं पावसात बसून, मनात राग धरून त्यानं ती मॅच बघितली होती, त्यामुळे त्यातलं काही सुटलेलं नव्हतं. अकराव्या मिनिटाला डावीकडून आलेला फटका, एका हातानं गोलच्या आडव्या बारवरून काढला. "खरंच? कुठल्या हातानं?" "बांधलेल्या." हाफटाइमच्या आधी त्यांचा नऊ नंबरवाला एकटा सुटला होता, त्याच्या पायांत झोकून दिलंस. "आणि धरला?" "धरलास. मागे पोट होतं ना तुझं." कीथनं डोळे मिटले होते. टेबलावर त्याचे हात आपोआप हलत होते, कधी डावीकडे, कधी वर. मी मोजत होतो. डेनिसनं सात फटके सांगितले आणि सातही अडले.

"मग शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर," डेनिस म्हणाला. "सगळा संघ तुझ्या तोंडासमोर. बॉल वर आला. तू पुढे निघालास, आणि घसरलास."

कीथनं डोळे उघडले. टेबलाची कड घट्ट धरली.

"गोल झाला?" त्यानं विचारलं.

"अरे येड्या," डेनिस ओरडला, "शून्य-शून्य संपली ना मॅच!"